काटा आणि काठी

ब्रेक बिघडला तर गाडी जागेवर उभी राहते. डायनॅमो गेला तर रात्री निघता येत नाही. डिझेलचा काटा मेला तर मात्र कोणाचंच काही अडत नाही. गाडी तितकीच ओढते, माल वेळेवर पोचतो, भाडंही कमी होत नाही. म्हणून इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये डोकावलं, की रिकाम्याच्या रेघेवर पडून राहिलेला काटा दिसतो आणि मालकाला त्याचं सोयरसुतक नसतं. ही बेफिकिरी मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तिच्या बाजूने बोलणारी माणसं अडाणी नसतात. उलट रस्ता त्यांनीच जास्त पाहिलेला असतो. म्हणून दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या बऱ्या.

बोलणारे मामा-भाचे आहेत. मामा आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रक चालवत म्हातारे झाले. आता स्वतःची एक जुनी कँटर राखून आहेत. ती पीथमपूरची, म्हणजे इंदूरच्या शेजारचीच. आयशरने मित्सुबिशीच्या सहकार्याने तिथे १९८६ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली. भाचा ऑटो-इलेक्ट्रिशियन. घरात मराठी आणि फाटकाबाहेर इंदुरी हिंदी ही इथल्या मराठी घरांची रीत, तीच यांची. वाद एवढाच, की कँटरचा डिझेलचा काटा दुरुस्त करायचा की नाही.

मामा : गाडी चालतेय ना? मग कशाला हात लावतोस? जुन्या गाडीचं वायरिंग उकरलं, की एक वायर जोडताना तीन तुटतात. डिझेल किती आहे ते मला काठी सांगते. काठीला ना फ्यूज, ना वायर.

भाचा : काठीला मी नावं ठेवत नाही, मामा. पण तुम्ही गाडी थांबवलीत तरच ती बोलते.

मामा : मग थांबवायची. सपाट जागा बघायची, टाकीच्या तोंडातली जाळी काढायची, काठी तळाला सरळ टेकवायची आणि ओली रेघ वाचायची. दोन मिनिटांचं काम. काटा काय, चढावर एक सांगतो आणि उतारावर दुसरंच.

मामांची काठी बघण्यासारखी आहे. सागवानाची चपटी पट्टी, तिच्यावर तापलेल्या खिळ्याने पाडलेल्या खुणा. रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओतत, प्रत्येक वेळी काठी बुडवून त्यांनी त्या पाडल्या आहेत. उन्हात लाकडावरची डिझेलची ओल नीट दिसतच नाही, म्हणून बुडवण्याआधी ते पट्टीला खडू फासतात. मग ओली रेघ गडद उमटते. आधीच्या ट्रकची टाकी आडव्या ड्रमसारखी गोल होती. तिची काठीही त्यांनी जपून ठेवली आहे. तिच्यावरच्या खुणा तळाशी आणि माथ्याशी लांब-लांब आहेत, मध्ये दाटीवाटीने. गोल टाकीत चतुर्थांश उंचीला चतुर्थांश डिझेल नसतं, जेमतेम पाचवा हिस्सा असतं. हे मामांनी वहीत मांडलेलं नाही, कॅन ओतून-ओतून ताडलेलं आहे. मापाचा एवढा चोख माणूस मापाचं यंत्र नको म्हणतो, हेच मला नवल वाटतं.

भाचा : चढावर काटा थोडा इकडे-तिकडे होणारच, डिझेलच टाकीत मागे सरकतं. पण आपल्या गाडीचा काटा मुद्दाम संथ केलेला असतो. आत दोन धातूंची पट्टी असते. विजेने ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. खड्ड्यात डिझेल हेलकावलं तरी काटा नाचत नाही.

मामा : आणि हिशेब कशाला आहे? भरलेल्या गाडीला लिटरमागे सहा, रिकामीला आठ. टाकी कुठे फुल केली ते मला ठाऊक. किलोमीटर बघितले की उरलेलं डिझेल कळतं.

भाचा : किलोमीटर कुठून बघता?

मामा : मीटरवर.

भाचा : त्याची केबल तुटली होती तेव्हा?

मामा : तेव्हा मैलाच्या दगडांवर.

भाचा : आणि समोरून वारा, घाटाची लाइन, दोन तास जाममध्ये इंजिन चालू? तो हिशेब दगडावर लिहिलेला नसतो. रात्री ढाब्यावर कोणी पाइप घालून पंधरा लिटर ओढलं, तर तेही हिशेबात येत नाही.

मामा : म्हणून तर रोज सकाळी काठी घालतो! चोरी मला काठीनेच सापडलेली आहे, तुझ्या काट्याने नाही. अरे, आपल्या स्कूटरला कुठे काटा होता? आडवी करायची, रिझर्व्हला लावायची, पंप गाठायचा. सगळा महाराष्ट्र आणि अर्धा माळवा तसाच फिरला.

मामांचा हा दाखला जगभर मागे नेता येतो. फोर्डच्या मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली असायची. सीट उचलून लाकडी पट्टी बुडवणं हेच तिचं माप. १९०८ ते १९२७ एवढ्या काळात ती गाडी कोटीच्या वर खपली, ती याच मापावर. पण तिची दुसरी बाजूही आहे. पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे नुसतं उताराने वाहायचं. टाकी अर्धवट असताना उभा चढ आला की इंजिन उपाशी पडायचं, आणि चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. उभ्या गाडीत पट्टीने वाचलेलं माप चढावर बदलतं, हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

भाच्याने काढलेला दाखला आकाशातला होता.

भाचा : १९८३ चा जुलै. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, अगदी कोरं विमान. इंधनाचे काटे बंद पडले होते, आतला एक झाळ कच्चा निघाला. मग टाकीला खालून दांडी लावून मोजलं. तुमचंच तंत्र. दांडीने लिटर बरोबर दिले. पण लिटरचं वजन काढताना गुणायचं होतं ०.८ ने, गुणलं १.७७ ने. तो आकडा पौंडांचा होता आणि विमान किलोवर चालणारं. निम्म्याहून कमी इंधन घेऊन ते उडालं आणि ४१ हजार फुटांवरून खाली येताना एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली.

मामा : माणसं?

भाचा : सगळी वाचली. वैमानिकाने गिमलीच्या जुन्या विमानतळावर तरंगत आणून उतरवलं.

मामा : बघ, काठी खरीच बोलली ना? चुकलं ते गणित.

भाचा : गणित चुकलं, खरंय. पण काटा चालू असता तर गणिताची वेळच आली नसती. आणि चुकलेलं गणित पकडायला दुसरं माप हाताशी असतं.

इथे मी भाच्याच्या बाजूला झुकतो. काठीवर माझा अविश्वास नाही. एकच माप असलं की त्याची चूक दाखवणारं कोणी उरत नाही, एवढंच. मामांची हुशारी कबूल करूनही हे उरतं. आणि त्यांच्या रस्त्यावर तर हा प्रश्न फार खरा आहे. इंदूरहून धुळ्याकडे निघालं की मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. तोच गणेश घाटाचा भाग. ब्रेक फेल झालेल्या ट्रकांनी तिथे इतके जीव घेतले, की शेवटी वेगळा, कमी उताराचा रस्ता काढावा लागला. पुढे खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्याला बिजासन घाटाने सातपुडा उतरायचा, मग शिरपूर. परत येताना हेच सगळं उलटं चढायचं, तेही बहुधा भरलेल्या गाडीने आणि उतरत आलेल्या टाकीने.

भाचा : परतीला मानपूरच्या चढावर डिझेल तळाला असलं आणि गाडीने एअर घेतली, डिझेलच्या पाइपात हवा शिरली, तर?

मामा : एअर मी काढतो. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस येतो तोवर मारत राहायचं, निव्वळ डिझेल आलं की स्क्रू कसायचा. डोळे मिटून करतो.

भाचा : घाटात, एका लेनमध्ये, मागे कंटेनर उभे असताना?

मामा : (थोडं थांबून) दगड लावून.

भाचा : आणि उतारावर इंजिन बंद पडलं तर? ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावरच फिरतो.

मामा : अरे, गाडी गिअरमध्ये असली तर चाकंच इंजिनाला फिरवतात. डिझेल नसलं तरी पंप चालू राहतो. म्हणून तर उतारावर न्यूट्रल करू नये म्हणतात.

भाचा : बरोबर. तुम्ही गिअर सोडणार नाही, मामा. पण आता तुमच्याकडे जो पोरगा चालवतो, तो इंजिनाचा आवाज बदलला की घाबरून क्लच दाबेल. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखं.

मामा यावर बोलले नाहीत. गाडी आता ते एकटे चालवत नाहीत, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. खडू, काठी, मैलाचे दगड, लिटरमागे सहा-आठ, हे सगळं चाळीसेक वर्षं त्यांच्या हाताला मुरलेलं आहे. पगारी ड्रायव्हरच्या हातात ते किल्लीबरोबर देता येत नाही. काटा मात्र देता येतो.

मामांनी मग वाद दुसऱ्या अंगाने धरला, खर्चाच्या.

मामा : मेकॅनिक म्हणाला, मीटर गेलंय, पूर्ण बदलायचं. एवढे पैसे एका काट्यासाठी?

भाचा : त्याने तपासलं काय?

मामा : बघितलं आणि सांगितलं.

भाचा : म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आधी किल्ली फिरवा. इंजिनाच्या गरमीचा काटा चालतो?

मामा : चालतो.

भाचा : मग फ्यूज ठीक. आणि दोन्ही काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर पण ठीक. काही गाड्यांत तो सरासरी सात व्होल्ट देतो, काहींत दहा. तो बिघडला की दोन्ही काटे मिळून वेडे होतात. इथे एकटा डिझेलचाच पडलाय. आता टाकीकडे चला.

तपासणीचा क्रम इथे तपशिलात देतो, कारण बहुतेकांचे पैसे हाच क्रम चुकल्यामुळे वाया जातात. टाकीच्या माथ्यावर एक गोल चकती पाच-सहा स्क्रूंनी बसवलेली असते. तेच टँक युनिट. आत एका दांडीवर फ्लोट तरंगतो. दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं आणि डिझेलच्या उंचीप्रमाणे अवरोध बदलतो. वरून एक वायर मीटरकडे जाते. परतीचा करंट टाकीच्या पत्र्यातून चेसिसमध्ये जायचा असतो. पण टाकी बसते रबराच्या पट्ट्यांवर, बांधलेली असते रंगवलेल्या पट्ट्यांनी, आणि चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं चकतीवर साचत राहतो. त्यामुळे अर्थसाठी एक वेगळी छोटी वायर दिलेली असते. जुन्या गाडीत सगळ्यात आधी मरते ती हीच. मामांच्या कँटरवर चिखल खरवडल्यावर ती सापडली, तेव्हा तिच्या टोकाचा लग हिरवट-पांढऱ्या बुरशीसारख्या थराने माखला होता आणि बोट लावताच तुटून हातात आला.

पण भाच्याने लगेच अर्थ जोडला नाही. आधी त्याने मीटरकडून येणारी वायर युनिटवरून सोडवली आणि एका छोट्या बल्बमधून चेसिसला टेकवली. वायर थेट पत्र्याला लावण्याची सवय वाईट. जास्त वेळ राहिली तर चांगलं मीटर जळतं, बल्ब मध्ये असला की धोका राहत नाही. केबिनमधून मामांनी आवाज दिला, काटा हलला, हळूहळू वर चाललाय. म्हणजे मीटर जिवंत, आणि केबिनपासून टाकीपर्यंतची लांब वायरही साबूत. मेकॅनिकने बदलायला सांगितलेला भाग निर्दोष निघाला. हा एक बल्ब लावायला कोणी तयार नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवा पार्ट विकण्यात घाई आहे आणि जुना तपासण्यात वेळ जातो, पण तो वेळ गिऱ्हाइकाचा हक्काचा आहे.

मामा : आमच्या वेळचे उस्ताद वायर पत्र्याला लावूनच बघायचे. काटा फुलला गेला की मीटर चांगलं.

भाचा : आपल्या गाडीत तसंच आहे, टाकी भरत जाईल तसा अवरोध उतरतो. रिकामीला शंभराच्या आसपास ओहम, फुलला चार-पाच. पण युरोपी धाटणीच्या कित्येक युनिटांत उलटं असतं, रिकामीला १० आणि फुलला १८०. तिथे वायर पत्र्याला लागली तर काटा रिकाम्याकडे जाईल. म्हणून फुलला गेला का हे बघायचं नाही, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो का ते बघायचं.

अर्थसाठी नवी वायर टाकली. चकतीचा आणि चेसिसचा रंग पॉलिश पेपरने घासून, लग कसून, वर ग्रीस लावून. काटा उठला आणि पाऊण टाकीवर स्थिरावला. मामांनी काठी घातली. तीही पाऊणच म्हणाली. वाद इथे संपला असता, पण दुसऱ्या दिवशी टाकी निम्म्यावर आली आणि काटा सरळ रिकाम्यावर जाऊन पडला. आणखी थोडं डिझेल खर्च झाल्यावर तो पुन्हा उठून चतुर्थांशावर आला.

मामा : घे. खोटं बोलणाऱ्यापेक्षा मुका बरा होता.

भाचा : त्याने दुखणं कुठे आहे तेच सांगितलं. गाडी बहुतेक वेळ अर्ध्या टाकीच्या आसपास चालते, म्हणून गुंडाळी तिथेच झिजते. तेवढ्या जागी संपर्क तुटतो. फ्लोट फुटला असता तर काटा परत उठलाच नसता, आत डिझेल भरून फ्लोट तळाला बसला असता.

युनिट बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा मामांनी खिशातली बिडी काढून क्लीनरकडे दिली आणि त्याला लांब पाठवलं. डिझेल पेटत नाही असं रस्त्यावर सर्रास म्हणतात, ते धोक्याचं आहे. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने त्याची वाफ पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश असला की चालतो, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्यातून टाकी उन्हात आणि पत्रा तापलेला. म्हणून बॅटरीची वायर सुटी केली, चकतीभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने साफ केली, म्हणजे स्क्रू निघताच ती आत पडू नये. चकती आणि टाकीवर खडूने जुळती खूण केली. उलटी बसली तर फ्लोटची दांडी आतल्या आडव्या पत्र्याला अडते.

मल्टिमीटर लावून भाच्याने फ्लोट सावकाश उचलला. ९०, ८०, ७० असे आकडे उतरत आले आणि बरोबर मध्यावर मीटरने हात वर केले. दोन बोटं पुढे गेल्यावर पुन्हा आकडे.

मामा : ती पितळी पाती जरा बाजूला वाकव. गुंडाळीच्या न झिजलेल्या कडेवरून सरकेल. असे मी दोन ट्रक चालवलेत.

भाचा : सरकेल. वर्षभर चालेलही. पण बारीक तार आहे, पाती कडेला जास्त दाबली तर तीच कापेल. नवीन युनिट बसवू.

मामा : आणि तुझं ते ओहमचं उलटं-सुलटं? दुकानदार सांगेल, बसतंय, घेऊन जा.

भाचा : बसण्यावर घ्यायचंच नाही. जुनं बरोबर न्यायचं, दुकानातच मल्टिमीटर लावायचा. फ्लोट खाली असताना आणि वर असताना, दोन्ही आकडे जुन्याशी जुळले तरच. स्क्रूची भोकं जुळून ओहम उलटे निघाले, तर टाकी भरली की काटा रिकामा दाखवेल. दांडीची लांबीपण मोजायची, नाहीतर तळाचे दहा-पंधरा लिटर त्याला कधी दिसणारच नाहीत.

मामा : पॅकिंग नवीन घे. जुनं परत लावलंस तर टाकी फुल केल्यावर वळणावर डिझेल झिरपतं.

भाचा : घेतो. आणि बसवण्याआधी टाकी रिकामी करू. मग तुमच्या काठीसारखंच दहा-दहा लिटर ओतत जाऊ आणि प्रत्येक कॅननंतर काटा कुठे येतो ते लिहून ठेवू. मीटरमधली पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून दर वेळी मिनिटभर थांबायचं. काटा शेवटच्या रेघेला टेकतो तेव्हा टाकीत किती लिटर उरलेलं असतं, ते पोराला आकड्यात सांगता आलं पाहिजे.

मामा : त्याला एवढंच सांग, खलघाटला काटा चतुर्थांशाच्या खाली असेल तर धामनोदला भरल्याशिवाय घाट चढायचा नाही.

भाचा : तुमच्या काठीने चतुर्थांश म्हणजे किती?

मामा : पंचवीसच्या वर. पण आधी ओतून बघू, मग बोलू. कॅन घरी आहे, जाळीचं फनेल तेवढं तू आण.